न्यूयॉर्कची रेडिओ केंद्रे आपली गाणी का बदलतात?

वर्षानुवर्षे ऐकलेले रेडिओ केंद्र लावावे आणि त्यावर भलतीच गाणी लागलेली असावीत, ओळखीचा निवेदक नाहीसा झालेला असावा, केंद्राचे नावही वेगळेच ऐकू यावे, असा अनुभव न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा आला आहे. अमेरिकेतील रेडिओ व्यवसायात याला फॉरमॅट बदलणे म्हणतात. यात परवाना तोच राहतो, फ्रिक्वेन्सी तीच राहते आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरचा अँटेनाही बहुधा तोच राहतो. बदलतात ती फक्त गाणी, आवाज आणि नाव. श्रोत्याला हा लहरीपणा वाटतो, पण त्यामागे बराच थंड डोक्याने केलेला हिशेब असतो आणि तो हिशेब संगीताच्या आवडीनिवडीपेक्षा निराळ्या गोष्टींवर उभा असतो.

आधी जागेचा प्रश्न समजून घेऊ. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे. उरलेल्या भागात एकाच शहरातील दोन मोठी केंद्रे एकमेकांच्या अगदी शेजारी बसवता येत नाहीत, कारण त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. न्यूयॉर्कची मोठी केंद्रे ९२.३, ९३.१, ९३.९ अशी दर ०.८ मेगाहर्ट्झवर बसलेली असून ही रांग १०७.५ ला संपते. मोजून पाहिले तर या रांगेत वीसच जागा आहेत आणि त्यांतल्याही काही बिगरव्यापारी केंद्रांकडे आहेत. एकविसावी जागा निर्माण होऊ शकत नाही. ज्याला शहरात नवे संगीत आणायचे असेल, त्याला आधीचे कोणते तरी संगीत उठवूनच ते आणावे लागते.

दुसरा मुद्दा उत्पन्नाचा. व्यापारी रेडिओ ऐकण्यासाठी श्रोता पैसे देत नाही. पैसे देतो तो जाहिरातदार, आणि तो गाणी विकत घेत नसून विशिष्ट वयाच्या, विशिष्ट सवयींच्या माणसांचे लक्ष विकत घेतो. अमेरिकेत जाहिरात संस्थांनी बराच काळ २५ ते ५४ हा वयोगट प्रमाण मानला आहे. पन्नाशी ओलांडलेला श्रोता कितीही निष्ठावान असला, तरी या बाजारात त्याची किंमत झपाट्याने उतरते. एखाद्या केंद्राचे श्रोते भरपूर असूनही त्याचा फॉरमॅट का बदलला जातो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर साध्या अंकगणितात सापडते. समजा, शहरातल्या १०० श्रोत्यांपैकी २० जणांना ताजी लोकप्रिय गाणी आवडतात आणि फक्त ५ जणांना कंट्री संगीत आवडते. लोकप्रिय गाणी वाजवणारी चार केंद्रे आधीच असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ श्रोते येतात. पाचवे केंद्र त्याच गर्दीत शिरले, तर सर्वांचा वाटा ४ वर येतो. तेच पाचवे केंद्र कंट्रीकडे वळले, तर त्याला एकट्याला ५ मिळतात. म्हणून एखादे संगीत किती जणांना आवडते यापेक्षा ते आणखी कोण वाजवत आहे, हा प्रश्न केंद्रचालकाला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणीच वाजवत नसलेल्या आणि तरीही मागणी असलेल्या संगीताला या व्यवसायात ‘होल’, म्हणजे बाजारातले भोक, म्हणतात, आणि कार्यक्रमप्रमुखाचे निम्मे आयुष्य ते भोक शोधण्यात जाते.

न्यूयॉर्कमधले सर्वांत गाजलेले भोक १९७८ मध्ये सापडले. ९२.३ वरचे डब्ल्यूकेटीयू हे केंद्र ‘मेलो ९२’ या नावाने संथ, मवाळ रॉक वाजवत असे आणि त्याला फारसे कोणी ऐकत नसे. २४ जुलै १९७८ रोजी ते ‘डिस्को ९२’ झाले. शहरातील नृत्यगृहे तेव्हा डिस्कोने भरून वाहत होती, पण त्या संगीताला पूर्ण वेळ देणारे केंद्र नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस हे केंद्र पहिल्या क्रमांकावर पोचले आणि त्याने डब्ल्यूएबीसीला खाली खेचले. डब्ल्यूएबीसी हे काही साधेसुधे केंद्र नव्हते. मध्यम लहरींवर ५० हजार वॉटच्या शक्तीने चालणारे आणि रात्री कितीतरी राज्यांत ऐकू जाणारे ते केंद्र १९६० पासून अमेरिकी पॉप संगीताचे जणू मुख्यालय बनले होते. पण एफएमवर स्टिरिओ होता आणि आवाज स्वच्छ होता. एकदा श्रोता तिकडे वळला की त्याला मध्यम लहरींच्या खरखरीकडे परत आणणे कठीण होते. १० मे १९८२ रोजी डब्ल्यूएबीसीने गाणी थांबवली आणि ते गप्पांचे केंद्र झाले.

त्याच्या जाण्याने नवी पोकळी निर्माण झाली. पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, १००.३ वर ‘झी हंड्रेड’ सुरू झाले आणि स्कॉट शॅनन या कार्यक्रमप्रमुखाने ते तळाच्या क्रमांकावरून ७४ दिवसांत पहिल्या क्रमांकावर नेले. अमेरिकी रेडिओत ही कथा अजून सांगितली जाते. मला मात्र त्याच उन्हाळ्यातली दुसरी घटना अधिक बोलकी वाटते. ९५.५ वरचे डब्ल्यूपीएलजे हे रॉकचे नावाजलेले केंद्रही त्याच सुमारास रॉक सोडून लोकप्रिय गाण्यांकडे वळले. म्हणजे पोकळी एक होती आणि ती पाहणारे दोघे होते. प्रत्येकाजवळ तेच आकडे आणि तेच सल्लागार असले की असे वारंवार घडते.

एका केंद्राने कूस बदलली की शेजारच्यांनाही हलावे लागते, आणि १९९६ मध्ये ते फार स्पष्ट दिसले. १९८५ पासून ९२.३ वर ‘के-रॉक’ नावाचे केंद्र होते, कारण डिस्कोची लाट केव्हाच ओसरली होती. जानेवारी १९९६ मध्ये के-रॉकने जुने, ‘क्लासिक’ रॉक सोडून तरुणांचे अल्टरनेटिव्ह रॉक धरले. त्यामुळे क्लासिक रॉकची जागा मोकळी झाली आणि तोवर कर्कश हार्ड रॉक वाजवणारे १०४.३ हे केंद्र काही महिन्यांतच त्या जागेवर येऊन बसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत १०३.५ वरचे कंट्री केंद्र बंद होऊन तिथे नृत्यसंगीत आले, आणि त्याला नाव दिले गेले पुन्हा डब्ल्यूकेटीयू, म्हणजे जुन्या डिस्को केंद्राचे. ते लगेच अव्वल ठरले. अमेरिकेत ज्या संगीताची केंद्रे सर्वाधिक आहेत अशा प्रकारांत कंट्रीची गणना होते. तरीही ते न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या एफएम फ्रिक्वेन्सींवर परतले ते थेट जानेवारी २०१३ मध्ये, ९४.७ वर, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथूनही गेले.

इथे वाचकाला साहजिकच शंका येईल की रेडिओलहरी जर सार्वजनिक मालमत्ता असतील, तर अशी उलथापालथ करताना केंद्राच्या मालकाला कोणी जाब विचारत नाही काय? हा प्रश्न न्यूयॉर्कच्याच एका केंद्रावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १०४.३ वर पूर्वी डब्ल्यूएनसीएन नावाचे पाश्चात्य अभिजात संगीताचे केंद्र होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये मालक कंपनीने ते रॉककडे वळवले. या कंपनीचे अध्यक्ष विल्यम एफ. बकली हे स्वतः बाखच्या संगीताचे चाहते आणि हौशी वादक होते, ही यातली गंमत. चिडलेल्या श्रोत्यांनी संघटना उभारली, कायदेशीर लढाई सुरू केली, आणि पुढच्या वर्षी केंद्र दुसऱ्या मालकाच्या, जीएएफ कंपनीच्या, हाती जाऊन पुन्हा अभिजात संगीताकडे आले. लढाई मात्र तिथे थांबली नाही. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचे म्हणणे होते की एखादा दुर्मीळ फॉरमॅट शहरातून नाहीसा होत असेल, तर परवाना देणाऱ्या आयोगाने त्याची सुनावणी घ्यावी. आयोगाचे म्हणणे उलट होते. कोणते संगीत वाजावे हे सरकारने ठरवू लागणे धोक्याचे आहे आणि श्रोत्यांची विविध आवड बाजारच अधिक चांगली भागवेल, असा त्याचा युक्तिवाद होता. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. ज्या केंद्राच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, तेच डब्ल्यूएनसीएन डिसेंबर १९९३ मध्ये त्याच जीएएफच्या मालकीखाली हार्ड रॉकचे केंद्र झाले, आणि या वेळी न्यायालयात जाण्याचा रस्ता उरलेला नव्हता.

निकाल योग्य होता का? सरकारने गाणी ठरवू नयेत, हे मला पटते. पण बाजार सर्वांची आवड भागवेल हा त्यातला दुसरा भाग अर्धाच खरा आहे, कारण इथला ग्राहक जाहिरातदार आहे आणि त्याची आवड भागली की व्यवहार पूर्ण होतो. न्यूयॉर्कमध्ये अभिजात संगीत टिकले ते पैसे देणारा बदलल्यामुळे. न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचे डब्ल्यूक्यूएक्सआर २००९ मध्ये ९६.३ ही जोरकस फ्रिक्वेन्सी सोडून १०५.९ या तुलनेने कमी शक्तीच्या फ्रिक्वेन्सीवर गेले, सार्वजनिक रेडिओच्या ताब्यात आले आणि जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या देणग्यांवर चालू लागले.

वयाचा हिशेब किती फसवा ठरू शकतो, हे डब्ल्यूसीबीएस-एफएमच्या उदाहरणावरून कळते. १०१.१ वरचे हे केंद्र १९७२ पासून जुनी गाणी वाजवत होते. त्याचे निवेदक शहरात घरोघरी ओळखीचे होते, श्रोत्यांची संख्याही चांगली होती. पण श्रोते म्हातारे होत चालले होते, आणि २५ ते ५४ च्या चौकटीतून दर वर्षी काही जण बाहेर पडत होते. दरम्यान कॅनडातून ‘जॅक’ नावाचा एक फॉरमॅट अमेरिकेत आला होता. त्यात सत्तर, ऐंशी, नव्वदच्या दशकांतली गाणी कसलाही क्रम न लावता, बहुधा निवेदकाशिवाय वाजवली जात. खर्च कमी आणि श्रोता तरुण, असे ते गणित. ३ जून २००५ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता, डब्ल्यूसीबीएस-एफएमचे जॅक झाले. त्याच दिवशी शिकागोमधील जुन्या गाण्यांच्या केंद्राचीही तीच गत झाली. न्यूयॉर्कमध्ये संतापाची लाट उसळली. कझिन ब्रूसी या नावाने प्रसिद्ध असलेले ब्रूस मॉरो हे निवेदक उपग्रह रेडिओकडे गेले. जॅकचे श्रोतेही घटले आणि उत्पन्नही घटले, आणि कंपनीला दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १२ जुलै २००७ रोजी दुपारी १ वाजून १ मिनिटाने जुने नाव परत आले.

या परतीला अनेकांनी श्रोत्यांचा विजय म्हटले, आणि ते चूक नाही. पण जे परत आले ते पूर्वीचे केंद्र नव्हते. ‘ओल्डीज’ हा शब्द टाळून ‘क्लासिक हिट्स’ हा शब्द आला, पन्नासच्या दशकातली गाणी जवळजवळ नाहीशी झाली आणि भर साठच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या गाण्यांवर आला. म्हणजे जॅककडून जे साधायचे होते, श्रोत्याचे वय खाली आणणे, ते या वेळी ओळखीचे नाव आणि ओळखीचे आवाज राखून हळूहळू साधले गेले. हेच केंद्र पुढे शहरातल्या वरच्या क्रमांकांत जाऊन बसले. माझ्या मते फॉरमॅट बदलण्याचा सर्वांत यशस्वी प्रकार हाच आहे, आणि तो इतका सावकाश होतो की श्रोत्याच्या ध्यानातही येत नाही. आज तिथे वाजणारी ‘जुनी’ गाणी १९७२ मध्ये जन्मालाही आली नव्हती.

क्रमांक ठरतात कसे, हेही पाहायला हवे, कारण मोजण्याची पद्धत बदलली की गाणीही बदलतात. पूर्वी आर्बिट्रॉन ही संस्था निवडक घरांत एक वही देत असे आणि कोणते केंद्र किती वेळ ऐकले ते लोकांनी आठवडाभर त्यात लिहायचे असे. माणूस वहीत लिहितो ते आठवून, आणि आठवते ते आवडते केंद्र. दुकानात, दातांच्या दवाखान्यात किंवा टॅक्सीत कानावर पडलेले केंद्र वहीत उतरत नाही. २००८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये वहीची जागा एका छोट्या यंत्राने घेतली. कमरेला लावायचे हे यंत्र प्रक्षेपणात मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत ओळखून नोंद करते. नोंदी बदलल्या. लोक कबूल करतात त्यापेक्षा जास्त केंद्रे ऐकतात, पण प्रत्येकावर कमी वेळ थांबतात, असे दिसले. कार्यालयात दिवसभर मंद आवाजात लावता येणाऱ्या, सर्वांना चालणाऱ्या गाण्यांच्या केंद्रांना याचा लाभ झाला आणि थोड्या पण निष्ठावान श्रोत्यांवर जगणाऱ्या केंद्रांना फटका बसला. कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक श्रोत्यांची केंद्रे चालवणाऱ्यांनी नमुन्यात आपली माणसे पुरेशी नाहीत अशी तक्रार केली. न्यूयॉर्क राज्याचे महान्यायवादी अँड्र्यू कुओमो यांनी आर्बिट्रॉनवर दावा लावला आणि जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली.

मालकीचाही यात मोठा भाग आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीला मोठ्या शहरात आठपर्यंत केंद्रे बाळगण्याची मुभा दिली. मग केंद्र एकेकटे न चालता कळपाने चालू लागले. अशा कंपनीला प्रत्येक केंद्र पहिले येण्याची गरज नसते. एखाद्या केंद्राचे काम प्रतिस्पर्ध्याच्या श्रोत्यांचा लचका तोडणे एवढेच असू शकते. ९७.१ वरचे ‘हॉट ९७’ नव्वदच्या दशकात हिप-हॉपचे बलाढ्य केंद्र बनले होते. बरीच नावे आणि फॉरमॅट बदलून झालेल्या १०५.१ ला मार्च २००२ मध्ये ‘पॉवर’ असे नाव देऊन त्याच्यासमोर उभे केले गेले. मालक तीच कंपनी होती जिच्याकडे झी हंड्रेड, डब्ल्यूकेटीयू आणि १०४.३ होते. आपली बाकीची केंद्रे एकमेकांना न खाता वेगवेगळ्या गटांना ऐकवायची आणि एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचे, अशी ही रचना असते.

प्रत्यक्ष बदल गुप्तपणे होतो. प्रतिस्पर्ध्याला आधी कळले, तर तो तीच गाणी दोन दिवस आधी सुरू करील ही भीती असते, म्हणून निवेदकांनाही अनेकदा शेवटच्या क्षणी कळवले जाते. मग काही तास किंवा काही दिवस एकच गाणे पुन्हा पुन्हा वाजवणे किंवा असलाच काही विचित्र प्रकार करून लोकांचे कुतूहल जागवले जाते, आणि नव्या नावाने हजारो गाणी निवेदकाशिवाय वाजवली जातात. वर्षातून एकदा होणारा सौम्य प्रकार म्हणजे नाताळ. १०६.७ वरचे ‘लाइट’ नोव्हेंबरमध्येच आपली नेहमीची गाणी बाजूला ठेवून फक्त नाताळची गाणी वाजवू लागते आणि त्या काळात त्याचे श्रोते भरभरून वाढतात.

मुंबईत हे नाट्य इतके रंगत नाही, त्याचे कारण प्रवेशाच्या किमतीत आहे. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका एफएम फ्रिक्वेन्सीला १५ वर्षांसाठी १२२ कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. एवढी रक्कम मोजलेला माणूस छोट्या भोकाकडे पाहत नाही. तो हिंदी चित्रपटसंगीताच्या भर गर्दीत उतरतो आणि फार तर दशक बदलतो. त्या लिलावातून आलेली ९१.९ आणि १०६.४ ही दोन्ही केंद्रे २०१६ मध्ये जुन्या हिंदी गाण्यांवरच सुरू झाली, म्हणजे न्यूयॉर्कच्या १९८३ सारखीच गत झाली. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्यामुळे वेगळेपणा दाखवण्याची एक मोठी वाटही बंद आहे. २००२ मध्ये इंग्रजी गाण्यांसह सुरू झालेले ‘गो ९२.५’ पुढे ‘रेडिओ वन’ या नावाने हिंदीकडे वळले आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजीकडे आले. मुंबईतला खराखुरा फॉरमॅट बदल म्हणावा असे हे थोड्या उदाहरणांपैकी एक.

न्यूयॉर्कमध्ये मात्र आता स्पर्धेचे स्वरूपच पालटले आहे. हवे ते गाणे फोनवर मिळू लागल्यापासून संगीतातले भोक बुजवून श्रोते मिळतीलच याची खात्री उरलेली नाही. ९२.३ ने २००६ मध्ये गप्पा, २००७ मध्ये पुन्हा रॉक, २००९ मध्ये पॉप, २०१४ मध्ये नव्या नावाने पॉप आणि २०१७ मध्ये अल्टरनेटिव्ह असे सगळे करून पाहिले. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे गाणीच नाहीत. १९६५ पासून मध्यम लहरींवर अखंड बातम्या देणारे ‘१०१० विन्स’ तिथे ऐकू येते, कारण तरुण श्रोता मध्यम लहरींकडे जातच नाही आणि मालक कंपनीला आपले बातम्यांचे केंद्र वाचवायचे होते. १०१.९ वर २०१२ पासून क्रीडाविषयक गप्पा आहेत. एकेकाळी रॉकसाठी आणि मग लोकप्रिय गाण्यांसाठी झगडलेले डब्ल्यूपीएलजे ३१ मे २०१९ रोजी बंद झाले. देणग्यांवर चालणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेने ते सहा केंद्रांच्या १० कोटी ३५ लाख डॉलरच्या सौद्यात विकत घेतले आणि ९५.५ वर भक्तिगीते सुरू केली. वीस जागांच्या रांगेतल्या या तीन जागांसाठी आज कोणताही संगीत फॉरमॅट भांडत नाही.